चौथी वाटी

ओरेगनमधलं आमचं दुकान म्हणजे घरी बिअर बनवणाऱ्यांचा अड्डा. आमच्या जुन्या गिऱ्हाइकाला, वॉल्टला, पुरून तीन दिवस झाले आणि त्याची बायको डोरीन दारात उभी. “त्याची बिअर पिंपात अजून बुडबुडतेय रे. आज तिच्यात वासासाठी हॉप्सची फुलं टाकायची होती. कुठली, मी मेलीने कधी विचारलंच नाही.” वॉल्ट चार जातींची फुलं न्यायचा, मलाही सांगता येईना. मी चारही वाट्यांत काढली. “तळहातांवर चोळ आणि हुंग.” पहिलीला तिने नाक मुरडलं. “शी! संत्र्याची सालं!” दुसरी, तिसरीही नाही. चौथी चोळल्यावर मात्र ओंजळ नाकापासून हलेना. “हीच,” ती पुटपुटली. “‘आधी हात धू, मग जवळ ये,’ असं खेकसायचे मी त्याच्यावर दर वेळी.” मी फुलांची पुडी बांधली आणि सवयीने हात धुवायला कोपऱ्यातला नळ दाखवला. तिने दोन्ही मुठी घट्ट मिटल्या.