उलटा प्लग

केरबानानांनी दुसऱ्या जुन्या हार्डडिस्कचा पार्ट काढून जळक्या जागी सोल्डर केला. समोर मालुताई पदर आवळून बसल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याने तीस वर्षं जमवलेला रानभाज्यांचा कोश या एकाच डिस्कमध्ये होता. ताईंनी ती नुसती कॉपी काढून घ्यायला धडधाकट आणली होती. सकाळी घाईत नानांनीच प्लग उलटा दाबला आणि धूर निघाला. "आतून जळालेलीच होती," असं मात्र त्यांनी ताईंना सांगितलं होतं.

डिस्क घरघरली. पडद्यावर टाकळा, कुर्डू, भारंगी अशी नावं उमटली. ताईंना रडू फुटलं.

ते पाहून नानांना राहवेना. "ताई, ती मीच जाळली."

"कसलेला कारागीर मोठेपणा घेतच नाही!" म्हणत ताई पाया पडायला वाकल्या.

"अहो, खरंच मीच जाळली!"

नानांना पाय मागे घ्यायचे होते, पण पाठीशी भिंत होती.