छापलं तेवढंच

शिलाई मशीन थांबवून सैफुद्दीनने पुस्तक उघडलं, आणि दोन पानं वाचून होत नाहीत तोच हिरीबाईने जांभई दिली. मंगरूळपीरच्या बाजाराच्या दिवशी त्याच्या दुकानात एक प्रकरण वाचलं जायचं. तांड्यावरची हिरीबाई खरेदी आटोपून त्यासाठी थांबायची. शेजारचा अत्तरवाला मेहबूब आपलं दुकान लोटून यायचा.

"हा हेर नुसता आगगाडीत बसून राह्यला," हिरीबाई म्हणाली. "मागच्या बाजारी बी बसलाच व्हता. उतरत काहून नाही?"

"उतरंल पुढं."

"चोराच्या बुकात पयल्याच पानाले घाम फुटे. लिहिणारा तोच हाय ना?"

लिहिणारा तोच होता. त्याच्या चोर-दरोडेखोरांच्या पुस्तकांवर सारं वऱ्हाड लट्टू होतं. लढाईच्या दिवसांतल्या पिवळ्या कागदावर छापलेली ही त्याची पहिलीच हेरकथा, आणि ती अगदी मिळमिळीत निघाली होती. पण खरी गोम एकट्या सैफुद्दीनला माहीत होती. मागच्या पुस्तकांतला निम्मा मसाला त्याने वाचता वाचता पदरचा घातलेला होता. समोरच्यांचे चेहरे बघून तो चोराला विहिरीत उतरवायचा, फौजदाराला चिखलात पाडायचा. नजर पानावर असायची, त्यामुळे ऐकणाऱ्यांना सगळं छापलेलंच वाटायचं. या पुस्तकात मात्र त्याने पदरचा एक शब्द घातला नव्हता.

त्याला भीती वाटत होती. पोळ्याच्या सुमारास, चोर लपण्याचं प्रकरण रंगात आलेलं असताना, मेहबूब भान विसरून बोलून गेला होता, "आमचा शफीक बी असाच हिरीबाईच्या शेतातल्या खोपटात निजते." बेचाळीसच्या चळवळीत तारा तोडल्याबद्दल पोलीस त्याच्या या मुलाला शोधत होते. पुढचा बाजार यायच्या आत त्यांनी त्याला त्या खोपटातून उचललं आणि जाताना खोपटही मोडलं. दुकानातलं बोलणं बाहेर गेलं होतं. कोणी नेलं, ते कळत नव्हतं. हेराच्या गोष्टीत आपण एखाद्या साहेबाला चिखलात पाडलं, आणि तेही ठाण्यावर पोचलं, तर? सैफुद्दीन बोट ठेवून ओळ न् ओळ वाचायला लागला.

मेहबूब आता गोष्टीसाठी येत नव्हता. तो सैफुद्दीनच्या तोंडाकडे बघत बसायचा. शफीक गेल्यापासून हा माणूस मोकळा वाचत नाही, नजर वर करत नाही, हे त्याने बरोबर हेरलं होतं.

आजही चहा रामकिसनने मागवला. कामरगावकडचा हा माणूस पावसाळ्याच्या तोंडाशी एका अडत्याकडे मापाडी म्हणून आला होता. दिलदार आणि गोडबोल्या. लिहिता-वाचता येत नाही म्हणून घरची पोस्टकार्डं तो सैफुद्दीनकडूनच वाचून घेई. वाचनाच्या वेळी तो त्याला खेटून बसे.

"सैफू, तू पानं गाळून राह्यला," हिरीबाई म्हणाली.

"अल्ला कसम, नाही."

"मंग आवाज काहून कापते?" हा मेहबूब होता. "मन साफ असलं का आवाज खुला निंगते. तुह्या आवाजाले शफीक गेल्यापासूनच काय झालं?"

पुढचं त्याने बोलून दाखवलं नाही. ते सगळ्यांना ऐकू आलं. ईदला एका ताटात जेवणारा हा मित्र सैफुद्दीनला पोलिसांचा माणूस समजत होता. खरं सांगावं, तर आजवर सगळ्यांना फसवून वाचत होतो असं कबूल करावं लागणार. अशा माणसाच्या शपथेवर मग कोण विश्वास ठेवणार?

"मेहबूबभाई, त्याले काहून बोलता?" रामकिसन मध्येच म्हणाला. तोही कंटाळलाच होता. "एक अक्षर गाळत नाही तो. जसं छापलं तसंच वाचून राह्यला. मागच्या बुकात पदरचं लय घाले, विहीर काय, चिखल काय. आता घालत नाही, म्हणून तर मजा गेली."

आणि त्याने चहाचा घोट घेतला.

सैफुद्दीनला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग त्याचं बोट ओळीवरच थांबलं. मागच्याच बाजारी त्याने याच माणसाला त्याच्या घरचं पोस्टकार्ड वाचून दाखवलं होतं, दोनदा, कारण पहिल्यांदा नीट समजलं नाही असं तो म्हणाला होता. मेहबूबने हातातला भरलेला कप हळूच जमिनीवर ठेवला.

सैफुद्दीनने पुस्तक पुढे केलं. "रामकिसनभाऊ, पुढचं तुमी वाचा."

"मले कुठं येते?" रामकिसन हसला.

बाकी कोणी हसलं नाही. तेव्हा त्याने पुस्तक घेतलं, दोन्ही हातांनी तोंडासमोर धरलं आणि डोळे बारीक करून पानाकडे बघत राहिला. पुठ्ठ्यावरच्या चित्रातला हेर खाली डोकं वर पाय झाला होता.

जन्मात पाटीला हात न लावलेली हिरीबाई पुढे सरकली. तिने त्याच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, सुलटं केलं आणि पुन्हा त्याच्या हातात दिलं.

"आता वाच," ती म्हणाली.