चैत्रातली ओसरी

२०९१ सालची गोष्ट. कुमुदचं चाकांवरचं गाव उन्हाळा चुकवत माणसाच्या चालीने अखंड सरकत असे. दर चैत्रात ते माहेराजवळून जाई, तेव्हा अनसूयाअक्का बरोबरीने चालत धाकट्या बहिणीला हळदीकुंकू लावी.

त्या वर्षी अक्काचे गुडघे गेले होते. बांधावर खुर्चीत बसून ती म्हणाली, "जा बाई, तुझं गाव काही थांबायचं नाही."

"गाव जाऊ दे. मी थांबते," म्हणत कुमुद गावाच्या कडेच्या लांबलचक ओसरीवरून, गावाच्याच वेगाने, उलट्या दिशेला चालू लागली. गाव पुढे गेलं. ती अक्कासमोरच राहिली.

अक्काने सावकाश कुंकू लावलं. "थांबण्यासाठी किती गं चालतेस!"

मग ओसरी संपली.

अक्का पुढच्या माघात गेली. कुमुद अजूनही दर चैत्रात ओसरीभर चालते आणि त्या रिकाम्या बांधापाशी तेवढाच वेळ थांबते.