उन्हाचा गुण

कळंब्यातल्या घराच्या गच्चीवर बाळाबाईंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. शेजारी पाच वर्षांच्या नातवाला, आदर्शला, उघड्या अंगानं बसवलं होतं. त्याला ऑटिझम होता. तोंडून अजून एकही शब्द फुटला नव्हता. "ड जीवनसत्त्व कमी असण्याचा याच्याशी संबंध असू शकतो. पण खात्रीनं अजून कुणी सांगू शकत नाही," असं डॉक्टर म्हणाले होते. घरी येईपर्यंत त्यातलं पहिलं वाक्यच शिल्लक राहिलं होतं.

एप्रिलचं ऊन होतं. कावळ्यांनी तोंड घालू नये म्हणून कुरडयांवर जुनी सुती साडी पांघरली होती. आदर्श उठायला लागला की बाळाबाई खांदा दाबून त्याला खाली बसवायच्या. तो रडायचासुद्धा नाही.

आज मात्र त्यानं तोंड उघडलं.

"भाजतंय."

"निशिगंधा! अगं, पोरगं बोललं! वर ये!"

निशिगंधा पिठाच्या हातानं धावत वर आली. लेकाला छातीशी धरून ढसाढसा रडली.

"आत्ती, खरंच? काय म्हणाला?"

"भाजतंय म्हनला की! उन्हाचा गुण आला बघ!"

"भाजतंय," आदर्श परत म्हणाला. तिच्या हाताखाली त्याची पाठ तव्यासारखी तापली होती.

"ऐकलंत? परत बोलला!" निशिगंधानं डोळे पुसले आणि त्याला पुन्हा कुरडयांशेजारी उन्हात बसवलं.

"बोल बाळा," ती म्हणाली. "अजून बोल."