आल्याचा चहा

नव्या स्टिरिओला रेडिओ होता, सीडी होती; पण भार्गवराव भाळले ते कॅसेटच्या लाल बटणावर. काल तेच दाबून त्यांनी स्वतःचं पोथीवाचन गुपचूप टेप केलं.

आज देवघराचं दार लोटून त्यांनी ती कॅसेट लावली आणि मागच्या दारानं सटकले. डॉक्टरांनी बंद केलेली कांदाभजी कोपऱ्यावर हाणून परतले, तर पोथी सुरूच होती! स्टिरिओपुढं मात्र चहाचा कप वाफाळत होता.

“काल पोथी चालू असताना चहाचं मीच विचारलं होतं,” दारातून सुशीलाबाई म्हणाल्या. “आज मी तोंडही उघडलं नाही, तरी आतून हुकूम आला, ‘आलं घाल गं भरपूर!’”

भार्गवरावांनी ओशाळून कपाकडे हात नेला.

“अंहं! आधी मिशीतला भज्याचा चुरा झटका. आणि चहा ज्यानं मागितला, त्याचा आहे तो!”