दहाव्याचा कावळा

“बोल की रं, आईचा जीव कशात अडकलाय ते बोल,” मामा पुन्हा म्हणाले. नदीकाठी दहाव्याचा पिंड कधीचा मांडला होता आणि एकही कावळा फिरकत नव्हता.

फिरकणार कसा? शेजारच्या गावात पाखरांच्या रोगानं कोंबड्या माना वाकड्या होऊन मेल्या, पोल्ट्र्या ओस पडल्या, तेव्हापासून म्हातारीच्या सुनेनं, उज्ज्वलानं, फटाके लावून लावून कावळे पळवले होते. रोग तेच आणतात, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. दारात टाकलेल्या चुन्यावर पाय दिल्याशिवाय ती नवऱ्यालाही घरच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये सोडत नव्हती. आता मात्र तीच आभाळाकडे डोळे लावून बसली होती.

नवऱ्यानं हात जोडले. “आई, तुझ्या कोंबड्यांना आजपासून मी माझ्या हातानं दाणा घालीन.”

शब्द संपतोय तोच बाभळीवरून एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. “कोंबड्यांतच जीव होता गं म्हातारीचा!”

उज्ज्वलानंही हात जोडले, आणि ते तसेच राहिले. कावळ्याची मान पिळल्यासारखी वाकडी झाली होती. घास घ्यायला गेलेली चोच वाळूत पडत होती. उडायला गेला आणि तो कलंडला.

“आई!” नवरा धावला. त्यानं कावळा दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. “पाणी आणा कुणीतरी!”

“अहो, खाली ठेवा त्याला,” अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. पण आईला खाली ठेव, असं दहाव्याच्या दिवशी लेकाला सांगायचं कुणी?