चार पानं अडुळशाची

कुमुदच्या अडुळशाची चार पानं कुणीतरी खुडून नेली होती. देठं अजून ओली होती. प्रयोगशाळेने ते झुडूप फक्त तिच्या रक्ताशी जुळवून दिलं होतं. तिचा दमा त्याच पानांनी आटोक्यात राहायचा, पण दुसऱ्या कुणाच्या पोटात गेली तर ती विषच.

ती अनवाणीच आळीभर फिरली. "खोकल्याला माझी पानं नेलीत का?"

"अगं, न विचारता कशी नेईन?" घरोघरी तेच उत्तर.

भिंतीपलीकडच्या हौसाक्कांकडे तेवढी ती गेली नाही. वर्षभर दोघींचं बोलणं नव्हतं.

फाटकाशी येऊन ती थबकली. बोलणं असतं, तर हौसाक्कांनी मागूनच नेली असती.

"हौसाक्का, काढा पिऊ नका," ती भिंतीवरून ओरडली.

पलीकडून सकाळपासून येणारा खोकला एव्हाना थांबला होता.